घरच्या लेकीला कोण नेतंय?

व्हॉलीबॉल बघायला येणाऱ्या लोकांची मला मनापासून चीड आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. ही माणसं फक्त जाळीच्या वर बघतात. कोण किती उंच उडाली, कुणी बॉल किती जोरात हाणला, एवढंच त्यांना दिसतं. शिट्ट्या तेव्हाच वाजतात, मोबाइल तेव्हाच वर होतात. पण समोरून आलेली सर्व्हिस त्याआधी कुणीतरी गुडघ्यात वाकून, दोन्ही हात जुळवून उचललेली असते. ती नीट माझ्या डोक्यावर येते म्हणून मी बॉल वर चढवून देते, आणि मी देते म्हणून ती उंच बाई हाणते. त्या पहिल्या उचलण्याला आम्ही रिसीव्ह म्हणतो. त्याच्यासाठी शिट्टी वाजलेली मी आजवर ऐकली नाही.

मी रेश्मा. आमच्या मंडळाच्या महिला संघात सेटर आहे आणि पोटासाठी एका खाजगी शाळेत मुलींना खेळ शिकवते. लिहिते आहे ते मात्र सिद्धेश्वरी आळगे या बाईबद्दल. मी तिला अक्का म्हणते. ती आमची रिसीव्ह करणारी, म्हणजे लिबेरो. लिबेरोची जर्सी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची असते, तरीसुद्धा लोकांना ती दिसत नाही. याला काय म्हणावं!

अक्का माझ्या खांद्याला लागते. अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातली, घरात कन्नड बोलणारी. शाळेत असताना बुटकी म्हणून तिला कुणी जाळीजवळ उभं करेना. सर म्हणाले, तू मागं थांब आणि बॉल खाली पडू देऊ नको. तेवढंच तिचं शिक्षण. ते तिनं असं मनावर घेतलं की अजून बॉल खाली पडला की तिचा चेहरा घरातलं दूध उतू गेल्यासारखा होतो. लग्न करून सोलापूरला आली आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काजबटणाच्या मशीनवर बसायला लागली. नवरा राजशेखर, सात रस्त्याजवळच्या पाण्याच्या मोटारींच्या दुकानात कामाला. दुकान वीरभद्रप्पांचं, आणि वीरभद्रप्पा म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. राजशेखरच्या बायकोला खेळता येतं हे कळल्यावर आप्पांनीच तिला मैदानावर बोलावलं. तेव्हापासून ती मंडळाची लेक झाली.

लेक होणं म्हणजे काय, हे मला आमच्या मंडळात कळलं. बाहेरून आणलेल्या खेळाडूला नवे बूट, अक्काला मागच्या वर्षीचे. बाहेरची पोरगी मुक्कामाला आली की ती अक्काच्या घरी, पलंगावर, आणि अक्का खाली सतरंजीवर. पहाटे उठून तिच्यासाठी भाकरी आणि शेंगाचटणी करणार अक्का. जाळी बांधणार अक्का, जर्सी धुऊन आणणार अक्का. कुणी विचारलं तर आप्पा कौतुकानं म्हणायचे, "घरचीच हाय की ती." आप्पा वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते.

गेल्या मोसमात आम्ही फायनलला गेलो. शेवटच्या सेटमध्ये आप्पांनी अक्काला बाहेर घेतलं. म्हणाले, ब्लॉकला, म्हणजे जाळीवर हात नेऊन बॉल अडवायला, उंची पायजे. लिबेरो मागंच खेळते, ब्लॉक तिचं कामच नाही, हे त्यांना कोण सांगणार! अक्का मैदानात असली की बॉल येताना ओरडते, "नंदू!" कन्नडमध्ये म्हणजे "माझा!" तो आवाज आला की बाकीच्या बाजूला होतात. त्या सेटला तो आवाजच नव्हता. सर्व्हिस आली की आमच्या दोन उंच पोरी एकमेकींकडे बघायच्या आणि बॉल दोघींच्या मधोमध जमिनीवर. मी जाळीजवळ हात वर करून उभी. माझ्यापर्यंत बॉल येईल तेव्हा मी काही करणार ना! हरलो. बाहेर बसलेली अक्का रडली नाही, तिनं फक्त बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

घरी जाताना आप्पा म्हणाले, "आपलं रिसीव्हच कच्चं हाय." मला वाटलं, आता बोलावं की गप्प बसावं? मी बोलले. म्हणाले, "कच्चं नाही आप्पा, बाकावर बसलं होतं." त्यांना ते ऐकूच आलं नाही.

आता आमच्या जिल्ह्याच्या लीगची पद्धत सांगते. दर मोसमाआधी प्रत्येक संघानं आपल्या चार खेळाडू राखायच्या. बाकीच्या सगळ्या मोकळ्या. मग एका हॉलमध्ये सगळे संघ बसतात, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि पाळीपाळीनं एकेक संघ एकेक नाव मागतो. हा झाला नियम. याच्या खाली आणखी एक रीत आहे, जी कुठं लिहिलेली नाही. एका मंडळाच्या गल्लीतली, घरची म्हणून ओळखली जाणारी खेळाडू दुसऱ्या मंडळानं मागायची नाही. ती मोकळी असली तरी शेवटच्या पाळीला तिचं मंडळच तिला उचलतं. म्हणून घरच्यांसाठी राखीव जागा कुणी खर्च करत नाही. ही रीत सगळ्या अध्यक्षांना फार आवडते. खेळाडूंना कुणी विचारलेलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी आप्पांच्या दुकानात शटर अर्धं ओढून बैठक बसली. आप्पांचा पुतण्या दिग्विजय पुण्याहून आला होता. त्यानं दोन मोसमांचे सगळे व्हिडिओ बघितले होते. पोरगा हुशार, खोटं कशाला बोलू. त्यानं सरळ सांगितलं, "काका, आपण दरवर्षी पहिल्या पाळीला स्मॅशर घेतो आणि दरवर्षी तेच होतं. हाणणाऱ्या आपल्याकडे भरपूर आहेत, उचलणारी एकच आहे. यंदा पहिल्या दोन्ही पाळ्या रिसीव्हसाठी. पहिल्या पाळीला वैरागची ती रिसीव्ह करणारी पोरगी, संस्कृती." मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. आप्पाही पटल्यासारखे मान हलवत होते. मग राखायची नावं निघाली. मी, दोन स्मॅशर, आणि चौथी आमची उंच ब्लॉकर.

दिग्विजय म्हणाला, "चौथं नाव सिद्धेश्वरीताईंचं ठेवू या. रिसीव्ह सुधारायचं म्हणतोय आणि आहे तीच मोकळी सोडायची?"

आप्पा हसले. अगदी पोट हलेपर्यंत हसले. "अरे येड्या, घरच्या लेकीला कोण नेतंय? ती कुटं जातीय?"

"आप्पा, नाव घाला की," मी म्हणाले. "एक जागा गेली तर काय बिघडतंय?"

"रेश्मा, तू सेटिंग बघ. डोकं आमी चालवतो."

अक्का तिथंच बसली होती, मोटारीच्या खोक्यावर. तिच्यासमोर हे चाललं होतं, आणि एकालाही असं वाटलं नाही की तिच्याकडे बघावं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. कळसा बिचारा ऐकत बसला होता.

बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघताना अक्का म्हणाली, "राखायचं म्हंजे काय गं? राखाय मी काय सामान हाय?" मग म्हणाली, "पन एकदा नाव घ्याचं की. तोंडानं नुसतं. काय जातंय त्येंचं?"

मला भयंकर राग आला. पण राग रिक्षावाल्यावर निघाला. त्याचा काही दोष नव्हता.

निवडीच्या दिवशी अक्का हॉलवर आली होती, पण खेळाडू म्हणून नाही. मागच्या टेबलावर पाण्याचे जार आणि ग्लास मांडायला. चिठ्ठ्या निघाल्या. आमची पाळी आली तेव्हा ठरल्याप्रमाणे आम्ही वैरागची संस्कृती मागितली. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. पुढची पाळी माढ्याची. त्यांची कोच ऋतुजा म्हणून एक सडसडीत बाई आहे, कमी बोलणारी. ती उठली आणि माइकवर म्हणाली, "सिद्धेश्वरी राजशेखर आळगे."

अक्का हातात ग्लास धरून मागं वळून बघायला लागली, कुणाला हाक मारली म्हणून. तिचं पूर्ण नाव माइकवर कुणी कधी घेतलंच नव्हतं. मी ओरडले, "अक्का, तुलाच!" तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नाही लिहीत. ते तिचं आहे.

आप्पा खुर्चीतून उठले. "ओ मॅडम, ती आमच्या घरची हाय. असं करत न्हाईत."

"घरची हाय तर राखली का न्हाई?" ऋतुजा म्हणाली. "चार जागा हुत्या की तुमच्याकडं."

"समदी मंडळं ही रीत पाळत्यात."

"आमी न्हाई पाळत. आमाला रिसीव्ह पायजे. दोन वरसं झाली, तुमच्या मॅचला मी ह्यांनाच बघाय येतीय."

ऐकलंत? दोन वर्षं माढ्याहून एक बाई आमच्या अक्काला बघायला येत होती, आणि आमचा अध्यक्ष तिच्या शेजारी बसून ब्लॉकची उंची मोजत होता. पिकतं तिथं विकत नाही ते असं.

त्यानंतर आप्पांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना माफ करणार नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मला गाडीत घातलं. म्हणाले, चल, सिद्धेश्वरीकडं जाऊ, ती तुझं ऐकती. कशासाठी, हे वाटेत सांगितलं. आमच्या लीगमध्ये निवडलेल्या खेळाडूला संघ बदलता येत नाही. तिनं माघार घेतली तर ती त्या मोसमात कुणाकडूनच खेळू शकत नाही. आप्पांना तेच हवं होतं. आपल्याला नाही तर कुणालाच नाही.

"मी हे तिला सांगणार नाही," मी म्हणाले.

"मग नुसती बस."

मी बसले. बसले ते बरं झालं, नाहीतर पुढचं ऐकायला मिळालं नसतं. अक्कानं पाणी दिलं, चहा टाकला. मालक घरी आले म्हणून राजशेखर उभाच होता. आप्पा गोड आवाजात बोलायला लागले. तुला मैदानावर कुणी आणलं, तुझ्या अडीअडचणीला कोण उभं राहिलं, बापासारखा आहे की नाही मी. अक्का प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होती. मग मुद्द्यावर आले.

"उद्या लीगच्या हापिसाला फोन कर. गुडघा दुखतोय म्हन. यंदा घरी बस. फुडच्या वर्सी पैलं नाव तुजं राखतो, शब्द हाय माजा."

अक्का चहा गाळत होती. ती गाळतच राहिली. "म्हंजे यंदा तुमच्यातबी न्हाई आन् त्येंच्यातबी न्हाई."

"एक वरीस तर हाय गं."

"आप्पा, मी चौतीस वर्साची हाय. अशी किती वरसं हायत माज्याकडं?"

"म्हंजे घरच्यांच्या इरोधात खेळनार तू?"

आता अक्कानं भांडं खाली ठेवलं. तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो मी फक्त मैदानावर चढलेला ऐकला होता. "मला राखायचं हुतं तवा मी घरची हुते. घरची म्हनून माजं नाव न्हाई घेतलं. आता दुसऱ्यानं घेतलं तर घरची म्हनून खोटं बोलाय लावताय. आप्पा, ह्ये कसलं घर हो? माजा गुडघा दुखत न्हाई. दुखतोय म्हनून मी सांगनार न्हाई."

आप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. मला तो येणार हे ठाऊक होतंच. ते राजशेखरकडे वळले. "राजशेखर, तू सांग तिला."

राजशेखर हा मनुष्य मी कधी मोठ्यानं बोललेला ऐकला नव्हता. तो फरशीकडे बघतच म्हणाला, "मालक, दुकानात तुमी सांगाल ते करतो. ही दुकानात कामाला न्हाई."

आप्पा चहा न पिता उठले. पुढच्याच आठवड्यात राजशेखरला काउंटरवरून काढून गोडाऊनला पाठवलं. कारण विचारलं तर म्हणे, तिकडं माणूस कमी हाय. माणूस कमी आहे हे खरंच, पण तो गोडाऊनला नाही, मालकाच्या खुर्चीत.

अक्का शनिवारी कारखाना सुटला की एसटीनं माढ्याला जायची आणि रविवारी रात्री यायची. तिला तिथं नवे बूट मिळाले. मला फोन करून तिनं पहिलं तेच सांगितलं, आणि बूट चावतायत म्हणून तक्रारही केली. इकडे आमच्याकडे संस्कृती आली. वीस वर्षांची, चपळ, हात चांगले. पहिल्या दिवशी मैदानावर येऊन इकडंतिकडं बघत मला म्हणाली, "ताई, सिद्धेश्वरीताई कुटं हायत? त्यांच्या शेजारी उभं ऱ्हायला मिळंल म्हणून मी लई खूश झालते."

मी तिला आप्पांकडे पाठवलं. म्हटलं, त्यांनाच विचार. तिनं खरंच जाऊन विचारलं. आप्पांनी तिला मैदानाला पळत फेऱ्या मारायला लावल्या.

त्या पोरीची काही चूक नव्हती हे मी मुद्दाम लिहिते. ती जीव तोडून खेळली. पण एकटीनं पूर्ण मैदान किती झाकणार? दुसऱ्या पाळीला आप्पांचा हात पुन्हा स्मॅशरवरच पडला होता. दिग्विजय आपली सगळी योजना गुंडाळून त्याच रात्री पुण्याला निघून गेला होता. योजना बरोबर होती. ती राबवणाऱ्यांना फक्त सवय बरोबर वाटत होती.

फायनल माढ्याबरोबरच झाली. आणि तिथं आप्पांनी आम्हाला शेवटचा शहाणपणा शिकवला. "सगळ्या सर्व्हिस सिद्धेश्वरीवरच टाका. आपली मानसं समोर बघून तिचा हात कापनार."

मी म्हणाले, "आप्पा, तिच्यावर सर्व्हिस टाकणं म्हणजे त्यांना बॉल हातात नेऊन देणं आहे."

"तू सेटिंग बघ."

बरं. माझी सर्व्हिसची पाळी आली. मी रेषेमागं उभी राहिले आणि पलीकडे अक्का, गुडघ्यात वाकलेली, माझ्याकडे बघत. माझ्या अंगात त्या वेळी वर्षभराचा राग साठला होता. आप्पांचा, बघ्यांचा, गोडाऊनचा, सतरंजीचा. तिच्यावर हळू सर्व्हिस टाकली असती तर तो तिचा अपमान झाला असता. मी आयुष्यात मारली नसेल एवढ्या जोरात मारली. बॉल हवेत वळवळत गेला, शेवटच्या क्षणी खाली पडला. अक्का एक पाऊल पुढं आली, हात जुळवले, आणि बॉल हळूच वर चढून नीट त्यांच्या सेटरच्या डोक्यावर आला. तसा बॉल मला वर्षभर मिळाला नव्हता. त्यांनी तो हाणून आमच्या बाजूला जमिनीवर आपटला तेव्हा मी हललेसुद्धा नाही. मला त्या सेटरचा हेवा वाटत होता.

आम्ही हरलो. तीन सरळ सेट.

बक्षिसांच्या वेळी हरलेल्या संघाचा अध्यक्ष म्हणून आप्पांना दोन शब्द बोलायला दिले. ते माढ्याच्या पोरींमधून वाट काढत अक्काजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "माढ्याचं अभिनंदन. पन खरं सांगू का मंडळी, आज जिंकलो आमीच! ही पोरगी आमच्या मैदानावर घडली. आमी घडवली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या लोकांना तिची जर्सी दिसत नव्हती त्यांनीच. माझ्या मस्तकात तिडीक गेली. इथंसुद्धा? हिच्या जिंकण्यावरसुद्धा यांचाच हक्क?

अक्कानं माइकसाठी हात पुढं केला. आभार मानणार म्हणून आप्पांनी तो लगेच दिला. तिला माइक धरता येत नव्हता, तो तोंडाला चिकटला आणि खरखरला.

"मी सिद्धेश्वरी राजशेखर आळगे," ती म्हणाली. "आप्पांनी मला खेळाय बोलावलं, ते मी इसरनार न्हाई. पन निवडलं मला माढ्यानं. मी माढ्याची हाय."

माइक परत देऊन ती माढ्याच्या पोरींमध्ये जाऊन उभी राहिली. आप्पांचा हात हवेतच राहिला होता, तो त्यांनी खिशात घातला. आमच्या संघातून पहिली टाळी मी वाजवली. मग संस्कृतीनं. बाकीच्या आप्पांकडे बघत होत्या.

गाडीकडे जाताना आप्पा माझ्याशेजारून चालत होते. म्हणाले, "उपकाराची काय किंमत ठेवली बघ. जाऊ दे. रेश्मा, तुजं नाव फुडच्या वर्सीपन पैलं राखतो."

"राखू नका, आप्पा," मी म्हणाले. "मला मोकळं सोडा. मला बघायचंय, मला कोण मागतंय."

ते थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं असेल. "आन् कुनीच न्हाई मागितलं तर?"

हा विचार माझ्याही मनात आला होता. अठ्ठावीस वर्षांची सेटर, गुडघ्यावर दोन पट्ट्या. कोण मागणार?

"नाही मागितलं तर नाही," मी म्हणाले. "तरी राखू नका."